अवरेकाईचे दिवस आणि बिननावाची गिटार

परवा बनशंकरीच्या बाजाराकडे वळले आणि भाजी दिसायच्या आधी नाकानेच सांगितलं, अवरेकाई आली. पुण्यामुंबईकडची मंडळी हिला पावटा म्हणतात आणि विषय संपवतात. त्यांना काय सांगावं! आम्ही चार पिढ्यांचे बेंगळूरकर मराठी. घरात मराठी बोलतो, देवाला मराठीत आळवतो, पण डिसेंबर लागला की जिभेने कानडी झालेलो असतो. उप्पिटात अवरे, सारात अवरे, रोट्टीत अवरे, आणि पाहुणे आले तर त्यांच्यापुढे सोलायला परातभर अवरे. शेंगांना एक तेलकट, उग्र, हिरवा वास असतो. तो बोटांना चिकटला की साबणाला दाद देत नाही. ऑफिसात फाइल उघडली तरी येतो.

ढिगाशेजारची बाई मला म्हणाली, "वास बघा अक्का, मग बोला." मी मूठभर शेंगा नाकाशी धरल्या. इथे कुणी विचारत नाही की या कुठल्या शेतातल्या, कुठल्या जातीच्या. शेंगेवर नाव लिहिलेलं नसतं. वास घ्यायचा, एक शेंग फोडून आत बघायचं आणि आपलं आपण ठरवायचं. मी दोन किलो घेतल्या, आणि पिशवी घेऊन घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तीन वर्षांपूर्वीचा मोसम येऊन बसला होता. त्या डिसेंबरात आमच्या घरी एक गिटार आली आणि माझ्या वडिलांनी महिनाभर तिच्याकडे पाठ फिरवली.

वडिलांना मी अण्णा म्हणते. माझी मुलगी पल्लवी त्यांना अज्जा म्हणते, इथल्या रीतीने. अण्णा शिंपी. 'पुंडलीक टेलर्स' हे त्यांचं दुकान चाळीस वर्षं चाललं आणि तयार कपड्यांच्या लाटेत बंद झालं. शिलाईचं मशीन घरी आलं, खिडकीपाशी बसलं, आणि अण्णा त्याच्यापाशी बसले. खिशात मोजपट्टी मात्र अजून असते. देवळात जातानाही असते. कुणाचा सदरा नवा दिसला की अण्णा त्याची कॉलर बोटांनी उलटून बघतात, मग तो माणूस ओळखीचा असो की नसो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "सुलटी बाजू दुकानदार दाखवतो," ते म्हणतात, "उलटी आपण बघायची." आमच्या घरात टॉवेलसुद्धा उलटा करून घेतला जातो.

आणि त्यांचं लेबल. पांढऱ्या फितीवर तांबड्या धाग्याने विणलेलं नाव, बोटाच्या दोन पेरांएवढं. दुकानात तीन कारागीर होते, पण लेबल लावायचं काम अण्णांचं. शिवून झालेला कपडा ते उलटा करत, प्रत्येक शिवण बोटाखालून घेत, आतल्या बाजूला खडूची एक बारीक खूण करत, आणि मगच लेबल. पसंतीस उतरलं नाही तर नाही. कपडा गिऱ्हाइकाला जाई, पण बिनलेबलाचा.

एकोणिसाव्या वर्षी मी एक शर्ट शिवला होता. कॉलर, कफ, सगळं माझ्या हाताने. मोठ्या दिमाखात अण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलटा केला, डाव्या बाहीच्या मुंढ्यापाशी बोट थांबवलं. तिथे कापड जरासं गोळा झालं होतं. "घाल घरात," म्हणाले, "लेबल नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि त्यानंतर शिलाईला हात लावला नाही. विमा कंपनीत कारकून झाले. तो राग मी बराच काळ नीट जपून ठेवला होता, हे कबूल करते.

पल्लवीला गिटारचा नाद मैत्रिणीच्या साध्या लाकडी गिटारवर लागला. गुरू नाही, शिकवणी नाही, मोबाइल समोर ठेवून तासन्‌तास बोटं सोलवटून घ्यायची. सतराव्या वर्षी कॉलेजच्या बँडने तिचं वाजवणं ऐकलं आणि म्हटलं, ये, पण जानेवारीतल्या फेस्टच्या आत स्वतःची इलेक्ट्रिक गिटार आण, नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल. शेजारच्या मुलांना गणित शिकवून तिने दोन वर्षं जे साठवलं होतं, तेवढ्यात नव्यातली बरी येत नव्हती. जुन्यातली एकच येत होती, आणि ती फसली असती तर दुसरी घ्यायची सोय नव्हती. म्हणजे बँडही गेला असता.

ती एकच होती सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत. विकणारा तेजस, नागपूरचा, आयटीतला. नोकरी बदलून दुसऱ्या दिवशी गावी निघाला होता, त्यामुळे काय ते त्याच दुपारी. पल्लवीच्या बाबांची फॅक्टरी होसकोट्याला, ते शिफ्टवर. म्हणून आम्ही तिघं निघालो: पल्लवी, मी आणि "मी येतो, वस्तू घ्यायची म्हणजे कुणीतरी बघायला पाहिजे" म्हणणारे अण्णा. रिक्षात बसायला जागा कमी आणि अण्णांचा मफलर मोठा. थंडीत सिल्क बोर्ड चौकातला सिग्नलसुद्धा गोठल्यासारखा वाटत होता.

तेजस बिचारा सरळ होता. "काकू, खरं सांगू का, मलाच माहिती नाही ही कोणत्या कंपनीची आहे. माझा आधीचा रूममेट सोडून गेला. नाव होतं वाटतं, कोणीतरी घासून टाकलंय." गिटार गडद निळी. मानेच्या टोकाला, जिथे कंपन्या नाव लिहितात, तिथे नुसता घासल्याचा पांढुरका डाग. बँडमधल्या मुलाने फोटो बघून आधीच निकाल दिला होता, नाव नाही म्हणजे कचरा.

मला वाटलं, पोरगी आता तारा छेडेल, एखादं गाणं वाजवेल. तिने गिटार हातात घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही, चष्मा काढून मफलरने पुसायला लागले. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात राहून ते तिच्या हातात आपोआप आलं होतं, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. मला त्या परक्या हॉलमध्ये इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना, म्हणून मी तेजसला त्याच्या आईची तब्येत विचारली.

मग पल्लवी खिडकीशी गेली. गिटारची मान डोळ्यापाशी धरली, एक डोळा मिटला आणि सुतार फळीची धार बघतो तशी टोकापासून बुडापर्यंत नजर सोडली. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, सतारीच्या पडद्यांसारख्या. त्यांच्या कडांवरून तिने तळहात फिरवला. "इथे दोन टोचतात," म्हणाली आणि पुढे गेली. तार पहिल्या पट्टीवर एका हाताने आणि शेवटच्या पट्टीवर दुसऱ्या हाताने दाबली, आणि मला म्हणाली, "आई, मधे तारेखाली किती फट दिसते बघ." पुठ्ठ्याच्या कागदाएवढी दिसत होती. "म्हणजे मान सरळ आहे, जेवढी थोडी वाकायला हवी तेवढीच वाकलीय." तेजसचं व्हिजिटिंग कार्ड मागून घेतलं आणि मान जिथे अंगाला जोडलेली असते त्या सांध्यात सरकवायचा प्रयत्न केला. कार्ड आत जाईना. ती खूश झाली. विचारून घेऊन स्क्रूड्रायव्हरने मागची झाकणी उघडली. तो स्क्रूड्रायव्हर तिने घरून आणला होता! आतल्या वायरी नीट एकत्र बांधलेल्या होत्या, डाग देण्याचं म्हणजे सोल्डरिंगचं काम स्वच्छ होतं, आणि लाकडावर पेन्सिलीने केलेली एक छोटीशी खूण होती. कुठल्या भाषेतली, कोण जाणे.

त्यानंतर तेजसच्या छोट्या स्पीकरला गिटार जोडून तिने प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर वाजवली. एकेक. अर्धा तास, आणि एकही गाणं नाही.

"तू वाजवणार आहेस का पंचनामा करणार आहेस?" तेजसने विचारलं.

"पंचनामाच," ती म्हणाली. "आवाजाचं बटण खरखरतं. एक खुंटी सैल आहे. दोन पट्ट्या टोचतात. हे सगळं दुरुस्त होतं. मान वाकडी असती तर मी कधीच उठले असते."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग अण्णांनी खिशातून मोजपट्टी काढली.

झालं असं होतं की आदल्या दिवशी पल्लवीनेच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं, अज्जा, बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर असते. अण्णांच्या लेखी मध्य म्हणजे मध्य. त्यांनी वरच्या टोकापासून बाराव्या पट्टीपर्यंत माप घेतलं. मग बाराव्या पट्टीपासून खाली, जिथे प्रत्येक तार एका लहानशा तुकड्यावर टेकते तिथपर्यंत. खालचं माप जास्त भरलं. पातळ तारेला अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), जाड तारेला चांगलं दीड सूत. वर ते सहा तुकडे एका ओळीतही नव्हते, मागेपुढे बसलेले.

"चुकलंय," अण्णा म्हणाले. "मध्य मध्यावर नाही आणि ही ओळ तिरकी. ज्याला सरळ रेघ मारता येत नाही त्याच्या हातची वस्तू आपण घेत नाही. चल."

"अज्जा, ते तसंच असतं."

"तसंच असतं म्हणजे? का?"

पल्लवीला येत नव्हतं सांगता. कान लाल झाले. तेजस खाली मोबाइलमध्ये बघायला लागला. मी मधे पडणार होते, पण कुणाच्या बाजूने, हेच ठरेना. एकीकडे चाळीस वर्षांचा हात, दुसरीकडे मोबाइलवर शिकलेली सतरा वर्षांची पोर, आणि तिचं सगळं पुढचं त्या एका निळ्या लाकडावर टेकलेलं.

"मी घेणार," ती हळू म्हणाली. "मला ती बरोबर वाटते."

"तुझे पैसे, तुझे कान," अण्णांनी मोजपट्टी गुंडाळली. परतीच्या रिक्षात पुन्हा तशीच दाटी. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर आडवी, आणि तिचं टोक प्रत्येक खड्ड्याला अण्णांच्या मफलरला लागत होतं.

तो अख्खा मोसम असाच गेला. सकाळी धुकं, बागेतल्या झाडांच्या खोडांना ओल, व्हरांड्यात उन्हाची एक पट्टी आणि त्या पट्टीत खुर्ची टाकून अवरे सोलणारे अण्णा. आत पल्लवी बारीक कानस घेऊन टोचणाऱ्या पट्ट्या घासायची, खुंटीचा स्क्रू आवळायची, बटणात औषध मारायची. अण्णांना ते ऐकू जायचं. ते खुर्ची अजून थोडी रस्त्याकडे वळवायचे. जेवताना "वाढ गं जरा" याच्या पलीकडे नातीशी बोलणं नाही. रागावलेले नव्हते. त्यांचा सल्ला मोडला गेला होता, आणि तो मोडणारी चूक करते आहे याची त्यांना मनापासून काळजी होती. मला तर सारखी धास्ती. फेस्टमध्ये ही बेसूर निघाली तर? बँडची मुलं हसतील, आणि अण्णा काही बोलणार नाहीत. हसण्यापेक्षा मला ते न बोलणं जास्त जड वाटत होतं.

एका रविवारी सकाळी मी अवरेचे दाणे भिजवून परातीत घेतले होते. भिजलेला दाणा दोन बोटांत दाबला की सालातून सुळकन बाहेर येतो. पल्लवी येऊन खुर्चीत दाणे सोलणाऱ्या अण्णांच्या पायाशी बसली आणि दाणे दाबायला लागली. बराच वेळ नुसते दाणे परातीत पडत होते.

"अज्जा, पँटचं माप तुम्ही माणूस उभा असताना घेता ना?"

"मग काय झोपवून घेतात?"

"पण कापताना मागच्या बाजूला थोडं जास्त ठेवता."

"ठेवायलाच पाहिजे. माणूस बसणार. बसला की कापड ताणतं. बरोबर मापाची शिवली तर बसताक्षणी फाटेल."

"तारेचं पण तेच. मोकळी तार म्हणजे उभा माणूस. बोटाने दाबली की ती ताणते आणि सूर वर चढतो. म्हणून खालच्या बाजूला थोडी लांबी जास्त ठेवतात. जाड तार जास्त चढते, तिला जास्त. म्हणून ते तुकडे एका ओळीत नसतात."

अण्णांच्या बोटातला दाणा तिथेच राहिला.

"नुसतं ऐकू नका, बघा," म्हणून ती आत पळाली आणि गिटार आणि बँडमधून मागून आणलेला छोटा स्पीकर घेऊन आली. अण्णांच्याच मोजपट्टीने मोजून तिने जाड तारेचा तुकडा त्यांच्या हिशोबाने 'बरोबर' जागेवर आणला. तार पुन्हा सुरात लावली. मग बाराव्या पट्टीवर तारेला बोट नुसतं टेकवलं, दाबलं नाही. देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ आवाज आला. मग त्याच जागी तार दाबून वाजवली. "हे दोन्ही एकच यायला हवेत."

एक आले नाहीत. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण मलाही समजलं की दुसरा चढा आहे. अण्णांनी तर दात दुखल्यासारखं तोंड केलं. चाळीस वर्षं देवळाच्या भजनी मंडळात बसलेला माणूस तो, सूर हललेला त्यांना सोसत नाही. पल्लवीने तुकडा दीड सूत मागे, 'चुकीच्या' जागी नेला. पुन्हा लावली, पुन्हा टेकवली, पुन्हा दाबली. दोन्ही आवाज एकमेकांवर असे बसले की जोड दिसेना.

अण्णांनी बोटातला दाणा परातीत टाकला. मग म्हणाले, "त्या दिवशी तिथे का नाही सांगितलंस हे?"

"तिथे मला ठाऊक होतं, अज्जा. सांगता येत नव्हतं. मग महिनाभर शोधत बसले, तुम्हाला कसं सांगावं ते."

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे ठीक आहे. बस, एवढंच. पण मग त्यांनी तिला मागची झाकणी उघडायला लावली आणि आतली ती पेन्सिलीची खूण भिंग घेऊन बघितली. "कुणीतरी जोडून झाल्यावर तपासलीय ही," स्वतःशीच पुटपुटले. कुठल्या देशातल्या, कुठल्या कारखान्यातल्या माणसाने ती खूण केली होती, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. त्याचं नावही नाही आणि गिटारचंही नाही. पण त्याने उलटी बाजू बघितली होती, आणि अण्णांना तेवढी ओळख पुरली.

पुढचे तीन दिवस पल्लवी कॉलेजात असताना मशीन चालल्याचा आवाज येत होता. मी विचारलं तर "काही नाही, स्वल्प काम आहे" म्हणून उडवून लावलं. चौथ्या दिवशी खुर्चीवर गिटारची गवसणी होती. दुकानातून उरलेलं करडं सुटाचं कापड, आतून मऊ अस्तर, मानेपाशी दुहेरी शिवण, खांद्याला पट्टा. मागितली कुणी नव्हती. माप केव्हा घेतलं, हेही आम्हाला कळलं नव्हतं.

फेस्ट भर दुपारी होता, कॉलेजच्या मैदानावर. दुसऱ्या बँडचा एक मुलगा पल्लवीच्या निळ्या गिटारकडे बघून इंग्रजीत विचारत होता, कुठल्या कंपनीची? नाव कुठाय? ती नुसती हसली आणि स्टेजवर गेली. गवसणी माझ्या हातात राहिली. मी बाकावर बसले, आणि सवयीने, आमच्या घरात लागलेल्या सवयीने, ती उलटी केली. मानेच्या आतल्या बाजूला, अस्तरावर, पांढऱ्या फितीवर तांबड्या धाग्यात 'पुंडलीक टेलर्स'. शेजारी खडूची बारीक खूण.

माझे डोळे भरून आले. मत्सर नव्हता, असं म्हणणार नाही. एका क्षणापुरता होता. पण त्याच्यामागून जे आलं ते इतकं मोठं होतं की तो कुठल्या कुठे गेला. वर ती वाजवत होती. सूर हलत नव्हता. शेजारी अण्णा मफलर गुंडाळून बसले होते.

"अण्णा, हे काय?" मी लेबल दाखवलं.

"गवसणीचं आहे ते. शिवण माझी आहे ना." मग स्टेजकडे बघतच म्हणाले, "दुकानाचं शेवटचं उरलं होतं. मी म्हटलं, ठेवून काय करायचं?"

घरी आल्यावर मी ट्रंकेतून माझा तो जुना शर्ट काढला आणि उजेडात उलटा केला. डाव्या मुंढ्यापाशी कापड अजून तसंच गोळा झालेलं होतं. अण्णांचं बरोबर होतं. मी तो घडी करून परत ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शांतपणे ठेवला.

आता पल्लवीकडे लोक गिटारी घेऊन येतात. सर्जापूर रोडकडची मुलं जास्त, कुणाची सेकंडहँड, कुणाची बिननावाची, "ताई, घेऊ का बघ ना" म्हणत. परवा मी अवरेची पिशवी घेऊन घरी आले तेव्हाही एक जण बसला होता. पल्लवीने त्याची गिटार उलटी केली, मान डोळ्यापाशी धरली, पट्ट्यांवरून तळहात फिरवला. खुर्चीतून अण्णा म्हणाले, "झाकणी उघडलीस का?" ती म्हणाली, "उघडते, अज्जा." त्या मुलाचं लक्ष भिंतीला टेकलेल्या निळ्या गिटारकडे गेलं. टोकाशी नाव शोधून त्याने विचारलं, "तुझी कुठली?"

पल्लवीने गवसणी उचलली, उलटी केली आणि त्याच्या हातात दिली.